बेळगाव ते इरुंगट्टुकोट्टई: टूरिंग कारच्या शर्यती पाहायला जाताना

बेळगावला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 धरून निघालं, की हुबळी, दावणगेरे, बेंगळुरू, वेल्लोर करत हाच रस्ता ट्रॅकपर्यंत नेतो. इरुंगट्टुकोट्टई हे श्रीपेरुंबुदूर ओलांडल्यावर, चेन्नईच्या अलीकडे. अंतर साधारण 800 किलोमीटर. मी आणि मामेभाऊ आळीपाळीने गाडी चालवत गेलो. बेंगळुरूला मुक्काम कराच, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत होसूर रोड गाठा. एकदा ट्रॅफिक सुरू झालं की सकाळ तिथेच जाते.

हा ट्रॅक 1990 पासूनचा, 3.7 किलोमीटरचा. राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या फेऱ्या वर्षानुवर्षं इथे आणि कोइम्बतूरला होत आल्यात. उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या फॉर्म्युला गाड्या देखण्या खऱ्या, पण आमचा जीव इंडियन टूरिंग कार गटात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या बदलून पळवतात त्या गटात, अडकलेला. आम्ही दोघे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणारी माणसं. रोज रस्त्यावर दिसणारी पोलो किंवा जुनी एस्टीम शर्यतीसाठी कशी बांधतात, हे आम्हाला जवळून बघायचं होतं.

त्यासाठी शनिवारीच पोहोचा. गर्दी कमी असते. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात त्या आवारात, सोडतात का, ते गेटवर विचारा. आम्हाला सोडलं. स्टँडवर चढवलेली एक पोलो होती. मागची सीट, दारांचं अस्तर, गालिचा, सगळं काढलेलं. आत गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, आणि ड्रायव्हरची एकच सीट. वेल्डिंग इतकं सफाईदार, की मामेभाऊ वाकून एकेक जोड बघत बसला. शेजारी एक पोरगा तापलेल्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत, टायरवर चिकटलेले रबराचे तुकडे खरवडत होता, दुसरा फाटका बंपर टेपने आवळत होता. दुपारी तीच गाडी परत ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत!

स्टार्ट बघून झाला की पहिलं वळण दिसेल अशी जागा धरा. तिथे त्याला सी-वन म्हणतात. सरळ रस्त्यावर मागची गाडी पुढच्या गाडीला अगदी चिकटून येते. तिथे वाऱ्याचा विरोध कमी, त्यामुळे वेग जास्त मिळतो. मग ती बाजूला निघते आणि दोघांपैकी ब्रेक आधी कोण दाबतो यावर सगळं ठरतं. एका शर्यतीत वेगवेगळ्या गटांच्या गाड्या एकत्र धावत असतील, तर आपल्या गटातल्या गाड्यांचे नंबर आधीच लिहून ठेवा, नाहीतर पुढे कोण आहे तेच कळत नाही.

टोपी, भरपूर पाणी आणि कानात घालायचे बोळे न विसरता घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा रेनकोटही. तारखा पुढे-मागे होतात, म्हणून पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

लहान मुलं बरोबर असतील तर आधी कोइम्बतूर करा. मारुतीच्या इंजिनावर रेस कार बनवणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा तिथला करी मोटर स्पीडवे जेमतेम 2.1 किलोमीटरचा, त्यामुळे गाड्या लवकर-लवकर समोर येतात आणि मुलं कंटाळत नाहीत. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी बेंगळुरू, आणि तिथून दुपारची कोइम्बतूरची गाडी.