सात नंबरचा गुडघा

जिमखान्याच्या खोलीत माझ्या कपाटात तेवीस वह्या आहेत. वर्षाला एक. प्रत्येक मॅचचा स्कोअर, कोणी किती पॉइंट केले, कोणाचे किती फाउल, कुठल्या क्वार्टरला खेळ घसरला, सगळं त्यात आहे. शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्हीकडच्या मुलींना बास्केटबॉल मीच शिकवते. पाचवीत छातीपासून दोन्ही हातांनी बॉल ढकलणारी पोरगी बारावीत जंप शॉट मारेपर्यंत माझ्या नजरेसमोर असते. सत्काराच्या वेळी सूत्रसंचालक या वह्यांतलेच आकडे वाचून दाखवतात. इतक्या वेळा जिल्हा जिंकला, इतक्या वेळा विभाग. त्यातच एक ओळ आहे: १९ वर्षांखालील मुली, विभागीय अंतिम सामना, विजयी ४१-३८. ती वाचली जाते तेव्हा टाळ्या पडतात आणि मला मान वर करून बसवत नाही.

मॅच सांगलीत होती. ऑक्टोबरचं ऊन, सिमेंटचं मैदान, सकाळचे अकरा वाजून गेलेले. समोर कोल्हापूरच्या उंच मुली. आमच्याकडे उंची नव्हती, पण सात नंबर होती. नाव नको, ती स्वतः कधी सांगेल तर सांगेल. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी. सहाच्या एसटीने गावाहून यायची, प्रॅक्टिस करून तशीच वर्गात बसायची. बॉल हातात आला की मान वर, नजर समोर. ड्रिबल करताना बॉलकडे बघायचं नाही हे मुलींना शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात, हिला ते कधी सांगावंच लागलं नाही. ती बारावीला होती. जिंकलो तर राज्यस्पर्धा, बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण, आणि राज्याला पदक मिळालं तर पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची वाट. शेतकऱ्याच्या घरात या गोष्टींचा हिशोब असतो, आणि तो असावाच.

तिसरा क्वार्टर संपत आलेला. आम्ही एका पॉइंटने मागे. रिंगवर आपटून बॉल उडाला, सात नंबरने उंच मुलींच्या मधून उडी घेऊन तो रिबाउंड काढला आणि हवेतच वळून, फास्ट ब्रेकला निघायच्या घाईत, उजव्या पायावर उतरली. कोणाचा धक्का नाही, कोणी अंगाला लागलंही नव्हतं. पाय जवळजवळ सरळ होता, आणि टेकला तसा गुडघा आत वळला. एवढ्या आरडाओरड्यात मला बेंचवरून आवाज ऐकू आला. ठक्. वाळलेली शेंग मोडावी तसा. ती खाली बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून ओरडली. एकदाच.

मी पळत गेले. कोणीतरी स्प्रे मारला. मैदानावर नेहमी एखादे जाणकार काका असतात, त्यांनी पाय धरून ओढला, ‘काही नाही, शीर चढलीय,’ म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही. पाच-सात मिनिटांत तिचं दुखणं उतरलं. उठून उभी राहिली, चार पावलं चालली.

आज मला माहीत आहे की या दुखापतीत असंच होतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा, नडगी पुढे सरकू न देणारा लिगामेंट तुटतो, पहिली कळ जाते, आणि माणसाला वाटतं की निभावलं. सूज नंतर चढते, आत रक्त साचत जातं तशी. चालता येतं म्हणजे पाय बरा आहे, ही समजूत तेव्हा माझीही होती. वीस वर्षं मैदानात काढलेल्या बाईची ही समजूत असावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या क्वार्टरला साडेचार मिनिटं उरली होती. आम्ही पाचने मागे. मी बेंचवर तिच्याकडे बघितलं. बस्स, बघितलं. ती म्हणाली, ‘मॅडम, मी जाते.’ मी विचारलं, ‘नक्की?’ आणि उत्तराची वाट न बघता तिच्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळायला घेतलं. माझ्या बोटांना बँडेजखाली गुडघा गरम लागला होता, हेही मला आठवतं.

ती गेली आणि खेळ फिरला. धावत नव्हती, जागेवरूनच पास देत होती. एक जंप शॉट, दोन फ्री थ्रो. शेवटचं मिनिट, आम्ही एकने पुढे. उंच मुलीने तिला कोपऱ्यात गाठलं, तिने उजवा पाय रोवून पिव्हट केला, आणि वरचं शरीर वळलं तसा खालचा गुडघा निसटला. ती पडली ती पास देऊनच पडली. त्या पासवर आमच्या दहा नंबरने लेअप टाकला. ४१-३८.

मुली नाचत होत्या. सात नंबर आडवी पडून वर बघत होती आणि हसत होती.

दोन दिवसांनी एमआरआय झाला. डॉक्टर रिपोर्टकडे बघत म्हणाले, लिगामेंट पूर्ण तुटलाय, शिवाय गुडघ्यातली गादी, मेनिस्कस, तीही फाटलीय. मग विचारलं, ‘पहिल्यांदा पडल्यावर परत खेळली का?’ मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘मीच म्हणाले मॅडमना. त्या नको म्हणत होत्या.’

मी नको म्हटलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही, तिथे नाही. डॉक्टरांचं मत पडलं की लिगामेंट पहिल्या वेळी गेला, गादी बहुधा दुसऱ्या वेळी. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि तिच्या आई-वडिलांना खरं सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आईने चहा पुढे केला आणि विचारलं, ‘मॅडम, तिचा पाय पहिल्यासारखा वाकंल का हो?’ शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आले असते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशनसाठी त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, मला जमलं तेवढं मी घातलं. राज्यस्पर्धेला आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच फेरीत हरलो.

माझ्या टेबलावरच्या काचेखाली तेव्हा अमेरिकन बास्केटबॉल कोच जॉन वुडनचा फोटो असायचा. हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे शिकवलेला कोच म्हणून मला तो जवळचा वाटायचा. केंटकी आणि इंडियानातल्या शाळांमध्ये त्याने अकरा वर्षं काढली, तिथे इंग्रजीही शिकवलं, मग कॉलेजकडे वळला आणि १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पण मला त्याची आवडायची ती गोष्ट वेगळीच. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. टाचेशी, बोटांशी सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. मीही जूनमध्ये पहिल्या दिवशी मुलींना ओळीने बसवून मोजे घालायला लावत आले, आणि माझ्या मुलींना फोड येत नाहीत हे अभिमानाने सांगत आले. त्या वर्षी टेबलाशी बसून माझ्या ध्यानात आलं की पायाच्या फोडापर्यंत मी पोहोचले होते, गुडघ्यापर्यंत नाही. उडी कशी घ्यायची हे मी तासन् तास शिकवलं. उंच, सरळ, हात वर, बॉल सर्वांत वरच्या जागी पकड. उतरायचं कसं, यावर एक वाक्य नाही. खाली तर सगळेच येतात, त्यात शिकवायचं काय, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशनच्या आधीपासून मी फिजिओथेरपिस्टकडे बसून शिकायला लागले. या लिगामेंटच्या बहुतेक दुखापती धक्क्याने होत नाहीत, उतरताना, अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना होतात. मुलींमध्ये हा धोका मुलांच्या किमान दुप्पट. वयात येताना उंची आणि वजन भराभर वाढतं, मांडीचे मागचे स्नायू त्या मानाने मागे राहतात, आणि मुली पाय ताठ ठेवून उतरतात. त्यात आमचं सिमेंट. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. हे बऱ्याच प्रमाणात टाळता येतं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेला मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. वीस मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप, त्यात उतरण्याचा, तोलाचा आणि स्नायूंचा सराव, आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त कोचने ठरवायला हवं, आणि लेअपची वेळ कापून द्यायला हवी.

आता आमच्याकडे जूनमध्ये मोज्यांनंतर पायरीवरून उतरणं असतं. एक पायरी, त्याहून जास्त नाही. दोन्ही पाय एकदम, आधी चवडे मग टाचा, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, बसकण थोडी मागे. तोच नियम रिबाउंडला, तोच जंप स्टॉपला. पहिले सहा आठवडे स्कोअर नाही, मॅच नाही. पालक कुरकुरतात, मुख्याध्यापक विचारतात की जिल्हा जवळ आलाय ना. येऊ दे. आणि मॅचमध्ये गुडघा धरून बसलेली मुलगी त्या दिवशी परत मैदानात जात नाही, चालता येत असलं तरी, रडली तरी, फायनल असली तरी. यात माझं मतही चालत नाही, म्हणून तो नियम मी बेंचच्या मागच्या भिंतीवर रंगवून घेतला.

नीट उतरण्याची एक खूण आहे. आवाज होत नाही. म्हणून मी मुलींकडे पाठ करून उभी राहते आणि नुसतं ऐकते.

सात नंबर स्पर्धेत परत खेळली नाही. दहा महिन्यांनी धावायला लागली, पाय पूर्ण वाकतो, मांडी घालून बसल्यावर मात्र तिला मध्येच उठावं लागतं. ती आता तालुक्याच्या गावी नोकरी करते. क्रीडा आरक्षणातून नाही, स्वतःच्या अभ्यासावर. गेल्या जूनमध्ये सुट्टीच्या दिवशी न सांगता मैदानावर आली. सहावीच्या मुली पायरीवर ओळीने उभ्या होत्या. मी पाठ फिरवली तशी तीही माझ्या शेजारी पाठ फिरवून उभी राहिली. शिट्टी वाजवली. मागे पाय टेकले, हलके, एकामागून एक.

‘तिसरी,’ ती म्हणाली.

मला ऐकू आलं नव्हतं. मी वळून तिसऱ्या मुलीला परत पायरीवर चढवलं.