खड्डा दाखवणारा हात

इंग्लंडात खड्डे असतात हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मंडळींना पुढचं वाचताना बरं वाटेल. साधेसुधे नाहीत. हिवाळ्यात डांबराच्या फटीत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि रस्ता उखडतो. गावाकडच्या रस्त्यांची तर पार चाळण.

रविवारी इथल्या सायकल क्लबबरोबर लीड्सहून ओटलीमार्गे बर्न्सलला गेलो होतो. दोघादोघांच्या जोड्या, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर आपलं चाक. त्यामुळे समोरचा रस्ता दिसतच नाही, दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. खड्डा आला की सगळ्यात पुढचा हात खाली नेऊन बोट दाखवतो आणि "होल!" ओरडतो. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. बारीक खडी असेल तर तळहात हलवायचा. कडेला गाडी उभी असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरका म्हणून खुणवायचं. समोरून मोटार आली की "कार अप", मागून आली की "कार बॅक". निरोप शेवटच्यापर्यंत पोचतो, आणि त्याच्यामागे कुणी नसलं तरी तोही इमानाने बोट दाखवतो! 2014 साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पहिला टप्पा लीड्सहून निघून याच भागातून हॅरोगेटला गेला होता, काय काय बघायचं ते मला लोकांनी आधी सांगून ठेवलं होतं. मी मात्र बराच वेळ फक्त हात बघत होतो.

ओटलीच्या पुढे अरुंद रस्ता, दोन्हीकडे नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती, आणि समोर घोड्यावर एक बाई. सगळी रांग मंदावली. घंटी कुणी वाजवली नाही. आमच्या पुढच्या आजोबांनी लांबूनच "गुड मॉर्निंग" म्हणत हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. बाईंशी कमी, घोड्याशी जास्त. मागून येतंय ते माणूस आहे हे आवाजावरून कळलं की घोडा बुजत नाही म्हणे. त्याचे कान आधी मागे वळले, मग सैल पडले, आणि आम्ही लांबून वळसा घालून पुढे गेलो.

घोड्याचं एवढं कौतुक, आणि थोड्याच वेळात एक मोटारवाला आमच्या इतक्या जवळून गेला की त्याचा आरसा माझ्या कोपराला लागायचाच बाकी होता. वर काच खाली करून शिव्या. आमचा गुन्हा काय, तर जोडीने चालवत होतो. आता जानेवारी 2022 पासून इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय की सायकलवाल्यांनी जोडीने चालवलं तर चालतं, आणि ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाने पुढे जाताना मोटारीने निदान दीड मीटर अंतर ठेवायचं. त्या गृहस्थाने ते वाचलेलं दिसत नव्हतं.

आपल्याकडे इंदुरात एबी रोडवर हॉर्नने कान किटतात, कबूल. पण त्या हॉर्नमध्ये राग नसतो, "मी आलोय" एवढंच असतं. सायकल चालवतो म्हणून तिथे मला कुणी शिवी दिल्याचं आठवत नाही. सिमरोलच्या घाटात तर ट्रकचे क्लीनर हात बाहेर काढून "दबा के, भिया!" (जोरात मार, भाऊ!) म्हणतात. (तोच ट्रक आपल्याला कडेच्या मातीत उतरवतो, ते तूर्त राहू द्या.)

इथल्या कुंपणाच्या झुडपांत बियरचे डबे पडलेले असतात, मोटारीतून फेकलेले. बर्न्सलला चहा पिताना मी सगळ्यांना सांगितलं की आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत सलग पहिलं येत गेलं. कुणी विचारलं नव्हतं.

आमच्यातल्या एकाच्या सायकलवर कॅमेरा होता, त्यात तो शिव्या देणारा मोटारवाला आला होता. इथे असा व्हिडिओ थेट पोलिसांच्या वेबसाइटवर टाकता येतो. त्याने त्याच संध्याकाळी टाकला. मामाला फोनवर हे सांगितलं तर तो हसतच सुटला. "अरे, इथे असं सुरू केलं ना, तर पोलिसांचं सगळं वर्ष पलासियाच्या चौकातच जाईल."

मग म्हणाला, "पण हेल्मेट तरी घालतात का रे सगळे?"

आमच्या क्लबात घालतात, मामा. सायकलला कायद्याने सक्ती नाही, तरी घालतात. हे मी जरा जोरातच सांगितलं.