दीड एचपीचा ब्रेड

शुक्रवार, रात्री

ब्रेडचं पीठ मळायच्या मिक्सरचं काही ठरत नाही. सगळे झोपले की मोबाईलवर तेच सुरू. एक आठशे वॅटचा, एक बाराशेचा, एक पंधराशेचा. भांडी सगळ्यांची पाच लिटरच्या आसपास, फोटो सगळ्यांचे लालभडक. या महिन्यात भिशीचा नंबर लागलाय, त्यामुळे वीस हजारांपर्यंत हात सैल. अगदी हलकंसलकं नको, आणि अर्ध्या लाखाच्या घरातलं ते देखणं धूड तर स्वप्नातही नको.

अमेरिकेतली आतेबहीण म्हणते, माझा जुना घेऊन येते. तिचा किचनएडचा आहे. १९१९ पासून घरगुती मिक्सर विकणारं नाव, तक्रारीला जागा नाही. पण तिकडचं यंत्र १२० व्होल्टवर चालणार, आपल्या भिंतीत २३०. म्हणजे ओट्यावर मिक्सर, त्याच्या शेजारी ट्रान्सफॉर्मर, आणि चहाचं आधण गॅलरीत. नको म्हटलं.

सासूबाईंचं वेगळंच. "दोन ब्रेडसाठी एवढं मशीन? मी मळून देतो की." (आमच्याकडे कोल्हापुरात बायकाही 'देतो' म्हणतात. पुण्याच्या जाऊबाईंना लग्नाला बारा वर्षं झाली तरी अजून हसू येतं.) त्यांची मनगटं सुजतात हे त्या विसरतात. माझा उजवा अंगठा दिवाळीपासून धरलाय हे मीही त्यांना सांगितलेलं नाही.

मागचा हँडमिक्सर मीच मारला. डब्यात फिरकीसारखे दोन हूक मिळाले होते, म्हणून हौसेनं ब्रेडचा मैदा घातला. चौथ्या मिनिटाला जळका वास आणि सगळं शांत. तो अजून पिशवीतच होता, म्हणून आज उद्यमनगरात मोटर भरून देणाऱ्याकडे नेला आणि जाता जाता नव्याचं विचारलं. मी वॅटची यादी वाचायला लागले तसा तो हसला.

"वहिनी, वॅट बघून मशीन घेत्यात व्हय? ७४६ वॅटला एक एचपी. तुमचं बाराशे म्हंजे दीड एचपीच्या वर झालं. दीड एचपीची मोटर हिरीचं पाणी उपसती. कणकंचा गोळा फिरवाय एवढं कशाला लागतंय?"

मग त्यानं सांगितलं ते असं. डब्यावरचे वॅट म्हणजे मोटर लायनीतून किती ओढते. हुकापर्यंत त्यातलं किती पोचतं ते निराळं. असल्या मोटरा मिनिटाला हजारो फेरे घेतात, हुकाला लागतात शंभरेक. मधली उतरंड गिअर करतात, आणि घट्ट गोळ्याचा सगळा मार तिथंच बसतो. टेबलाच्या खणातून त्यानं एक पांढरा प्लास्टिकचा गिअर काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूचे दात शाबूत, दुसरीकडचे वितळलेल्या मेणबत्तीसारखे. "मोटरीतला कार्बनचा ब्रश झिजला तर मी बदलून देतो. ह्यो गेला आन पार्ट मिळंना झाला, की मशीन भंगारात." हँडमिक्सरचं विचारलं तर त्यानं नुसती मान हलवली.

घरी येऊन हीच वही मागं चाळली. जानेवारीपासून ब्रेड एकोणीस वेळा, बिस्किटं चार वेळा, केक दोन, तेही वाढदिवसाचे. आणि मी आठवडाभर क्रीम किती फुगतं त्याचे व्हिडिओ बघत बसलेय! आमच्याकडे रविवारी मिसळ असते, मिसळीला स्लाइस लागतात, आणि विकतचा ब्रेड कटात घातला की लगेच लगदा होतो. खरं काम ते आहे. सोबत फुकट मिळणारं ज्यूसचं भांडं, खिम्याचं यंत्र, या सगळ्यावर काट मारली.

शनिवार, रात्री

दुपारी राजारामपुरीत गेले. स्टीलच्या डब्यात अर्धा किलो मैदा, मीठ, साखर, यीस्ट, आणि बाटलीत सव्वातीनशे मिली गार पाणी. गार अशासाठी की घासानं गोळा तापतो आणि उन्हाळ्यात यीस्ट उगाच उधळतं. दुकानदाराला म्हटलं, चालवून दाखवा. त्यानं आधी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तयार झाला.

पहिला पंधराशेचा. दोन मिनिटांत गोळा हुकावर चढून बसला आणि भांड्याला न लागता त्याच्याबरोबर गरगरायला लागला. वरचं डोकं दर फेऱ्याला उचलायचं, आणि मिक्सर काउंटरवर पावलं टाकत चालला. दुकानातल्या पोरानं दोन्ही हातांनी धरून ठेवला. माहितीपुस्तिका मागून घेतली: भांडं पाच लिटर, पण मैद्याची मर्यादा सातशे ग्रॅम. माझे दोन ब्रेड म्हणजे एक किलो.

तोच गोळा दुसऱ्यात टाकला. हजार वॅटचा, दिसायला ओबडधोबड, पण उचलायला गेले तर कमरेनं आधी विचारलं. याच्या पुस्तिकेत मैदा किलोभर, गिअर धातूचे लिहिलेत, आणि सुटे भाग सांगलीच्या सर्व्हिस सेंटरकडून येतात म्हणे. डोकं जरा हललं, पण जागा सोडली नाही. सहा मिनिटांनी बंद करायला लावलं. सुपारीएवढा तुकडा तोडून ट्यूबलाइटसमोर ताणला, तर बोटांची सावली पलीकडून दिसेपर्यंत तुटला नाही, म्हणजे मळणं पुरं झालं. हातानं मला याला वीस मिनिटं लागतात, आणि त्यानंतर अंगठा.

एक खोट आहे. खाली उरलेला कोरडा मैदा हुकाला लागत नाही. हूक वरखाली करायला स्क्रू आहे, तो दुकानदारालाही माहीत नव्हता. पुस्तिकेतल्या चित्रावरून आम्ही दोघांनी शोधला. एक वळसा दिल्यावर बरंच बरं झालं. आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. साडेसतरा हजार. सोमवारी घरपोच येईल.

मैदा वाया कसा घालवायचा, म्हणून गोळा डब्यात भरून स्कूटरला अडकवला. उन्हातून घरी येईपर्यंत झाकण वर आलं होतं आणि कडेनं पीठ बाहेर डोकावत होतं. सासूबाईंनी ते बोटानं आत ढकललं, मला काही विचारलं नाही, नि लोफच्या टिनाला तेल लावायला घेतलं.