ढग खाली, आम्ही वर

सकाळी समुद्रकाठी घामाघूम आणि दुपारी तेइदेवर कानटोपी शोधतोय! स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच. केबल कारने ३,५५५ मीटरवर सोडलं, पुढे चार पायऱ्या चढलो तर धाप लागली.

पण खरी गंमत वाटेत होती. उत्तरेकडून गाडी चढताना दाट धुकं लागलं. ईशान्येचे व्यापारी वारे डोंगराला अडून वर चढतात, त्यांचे ढग होतात आणि वरची कोरडी, उबदार हवा त्यांना झाकणासारखी दाबून धरते. पाइनच्या लांब सुयांवर थेंब जमून टपटपत होते. पाऊस नाहीच, फक्त झाडाखालची जमीन ओली! एक वळण घेतलं आणि लख्ख ऊन.

दक्षिण बाजू मात्र रखरखीत. छत्री (हट्टाने आणलेली) गाडीतच राहिली.