कैरोतला कामगार दिन, पाच मेला

एक मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच झटक्यात. सकाळी झेंडा, दुपारी आमरस, मग झोप. 2024 च्या एक मेला मी कैरोत होते. बुधवार होता, बँका उघड्या, कचेऱ्या भरलेल्या, रामसेस चौकात गाड्यांचा नेहमीचा खोळंबा. सरकारने कामगार दिनाची सुट्टी उचलून रविवारी, पाच तारखेला नेऊन ठेवली होती. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असतेच, रविवारी इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांचा ईस्टर आणि सोमवारी शम्म अन-नसीम हा वसंताचा सण. सलग चार दिवस! सोय झाली खरी, पण मला ते खटकलंच. आपल्याकडे कुणी एक मे असा सरकवून बघावा.

मधले दिवस पिरॅमिड आणि संग्रहालयांत गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रविवारी मास्पेरोच्या धक्क्यावरून अल-कनातिरला जाणारी बोट धरली. नाईलवर एकोणिसाव्या शतकात बांधलेले बंधारे आणि भोवतीच्या बागा, ही कैरोच्या साध्या माणसाची हक्काची सहल. बोटीवर बसायला जागा म्हणाल तर अर्धी मांडी. कर्ण्यातून गाणी इतक्या जोरात की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. पोरं नाचत होती, आया डबे उघडत होत्या.

माझ्या शेजारी एक आजोबा होते, हेलवानच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या नातीला इंग्रजी येत होतं म्हणून आमचं जमलं. त्यांनी कागदाच्या पुडीतून खारवलेले तुर्मुस काढून माझ्या तळहातावर ठेवले. पिवळा चपटा दाणा, दातांनी टोक तोडायचं आणि सालीतून आतला गर दाबून काढायचा. माझा दाणा समोरच्या बाईंच्या मांडीवर उडाला. त्या हसल्या आणि त्यांनी स्वतःच्या पुडीतले आणखी चार दिले.

राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात, 1964 पासून, एक मेची सरकारी सुट्टी झाली. आजोबांना आठवत होता तो मुबारकचा जमाना. कामगार दिनाला राष्ट्राध्यक्षांचं भाषण, समोर युनियनवाले, आणि भाषण लांबलं की सभागृहातून आरोळी यायची: "अल-मिन्हा, या रय्यिस!" म्हणजे साहेब, बोनसचं बोला. आजोबांनी ती बोटीवर अशी ठोकून दिली की नाचणारी पोरं थांबली आणि दोन-तीन म्हाताऱ्यांनी मागून साथ दिली. बोनस मिळायचाही, म्हणाले. त्यांचा 1954 साली स्थापन झालेला कारखाना मात्र 2021 मध्ये मोडीत काढायचं ठरलं. त्याबद्दल नातीने विचारलं तर त्यांनी हात झटकला आणि तुर्मुसची पुडी पुन्हा पुढे केली.

या सगळ्यात चहाचा ट्रे डोक्यावर धरून एक पोरगा आमच्या पायांमधून वाट काढत होता. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. काचेच्या ग्लासांत काळा चहा, तळाशी बोटभर साखर. तिथल्या कायद्यानुसार सणाच्या सुट्टीला कामावर बोलावलं तर त्या दिवसाच्या पगाराशिवाय आणखी दुप्पट पैसे द्यायचे असतात. त्याच एक मेपासून खासगी क्षेत्राचं किमान वेतनही महिन्याला सहा हजार इजिप्शियन पौंड झालं होतं. मी नातीकरवी त्या पोराला विचारलं, आज जास्त मिळणार का? तो म्हणाला, बक्षिशी मिळेल, लोक खुशीत असले तर. करारबिरार काही नाही, मालक त्याचा मामा. मामाच्या नावाने मी मनात बरंच काही बोलले आणि चहाचे सुट्टे परत घेतले नाहीत. आजोबांना ते आवडलं नाही. पाहुणीने पैसे काढायचेच नव्हते म्हणे. यावर आमचं थोडं वाजलंसुद्धा.

बागांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाड्याच्या सायकली, घोडे, धूळ, आणि हिरवळीवर पाय ठेवायला जागा नाही. परतीची बोट दीड तास उशिरा आली. तोच पोरगा, तोच ट्रे. उद्या तरी सुट्टी का, म्हणून विचारलं तर तो खो-खो हसला. उद्या शम्म अन-नसीम, आजच्या दुप्पट गर्दी, आणि प्रत्येकाच्या डब्यात खारवून आंबवलेला मासा. त्या वासासकट अर्ध्या मांडीवर पुन्हा दोन तास? सोमवारी मी हॉटेलातच बसले.