पाकिटावरचे बारा शिक्के

टोकियोत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी सेन्सेईंच्या, म्हणजे माझ्या कराटेच्या शिक्षकांच्या हातात एक तपकिरी पाकीट ठेवते. आत पाच हजार येन, वर बारा महिन्यांचे बारा चौकोन छापलेले. सेन्सेई ते दोन्ही हातांनी घेतात, मान झुकवतात, त्या महिन्याच्या चौकोनात लाल शिक्का मारतात आणि रिकामं पाकीट परत देतात. या फीला इथे ‘गेश्शा’ म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं आभाराचं.

नाशिकला सिडकोत मी कराटे क्लासला जायचे. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिची फी वेगळी, सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. बाबा सातपूरच्या कंपनीत ओव्हरटाइम करून ते भरायचे. परीक्षेत कुणी नापास झाल्याचं आठवत नाही. अडीच वर्षांत मी ब्राऊन बेल्ट झाले, म्हणजे ब्लॅकच्या अगदी आधीचा.

टोकियोत पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी मला ‘झेनकुत्सु दाची’त उभं राहायला सांगितलं. पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचं, अगदी सुरुवातीला शिकवतात ते. माझी मागची टाच उचलली जात होती. साठीतला तो माणूस खाली बसला आणि त्याने माझी टाच हाताने जमिनीला टेकवली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नवख्यांचा पांढरा पट्टा विकत आणला.

त्याला आता चार वर्षं होतील. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, त्याआधी सगळ्यांनी ओल्या फडक्याने फरशी पुसायची. जानेवारीत ‘कानगेइको’, म्हणजे कडाक्याच्या थंडीतला पहाटेचा सराव. अनवाणी पाय पहिली दहा मिनिटं बधिर असतात. गेल्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. त्या पहिल्या पायरीला ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थच सुरुवात.

सेन्सेई दिवसा नोकरी करतात. हॉल नगरपालिकेचा, तासाच्या भाड्याने घेतलेला. गेश्शा भाड्यात आणि विम्यात जाते. टोकियोत कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले तेव्हा पन्नाशी उलटलेले शिक्षक होते. ज्या वसतिगृहात राहिले तिथे झाडलोट आणि राखण करून त्यांनी कराटे शिकवलं. कराटेत ‘दान’, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, द्यायला १९२४ मध्ये त्यांनीच सुरुवात केली, ती पद्धत ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्याकडून घेऊन.

पण फुकट शिकवणं हाच मोठेपणा, असं मी मानत नाही. आपल्या तालमीतले वस्ताद पैसे घेत नसत, कारण तालीम गावाच्या वर्गणीवर उभी असायची. माझा मावसभाऊ नाशिकच्या इंदिरानगरला कराटे क्लास चालवतो. त्याच्या हॉलचं भाडं कोण वर्गणी काढून भरणार? नोकरी सोडून तो यात उतरलाय, त्याचं घर यावरच चाललं पाहिजे. दिवाळीत फोनवर मी त्याला म्हटलं, “दादा, महिन्याची फी वाढव, पण परीक्षेचे पैसे बंद कर. पोरगं नापास झालं तर तुझं नुकसान होता कामा नये.”

“पालक बेल्ट विचारतात गं,” तो म्हणाला. “शेजारच्या क्लासमध्ये वर्षात चार मिळतात.”

तरी त्याने मेन रोडच्या छापखान्यातून पाकिटं करून घेतली, जानेवारी ते डिसेंबर मराठीत छापलेली. पहिल्याच महिन्यात नऊ मुलं गेली. काल त्याने फोटो पाठवला: सतरंजीवर एकतीस पाकिटं मांडलेली, प्रत्येकावर मार्चचा शिक्का.