काउंटर, कंपॅरेटर आणि एक चुकार पल्स

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये मोटर रिवाइंडिंगसाठी छोटे यंत्र आहे. त्याच्या २४ व्होल्ट डीसी मोटरला काल दिलेला वेग आज जसाच्या तसा देता यावा, अशी तेथील मिस्त्रींची अपेक्षा होती. आधीचे ५५५ या टायमर आयसीचे सर्किट रेझिस्टर-कपॅसिटरवर चाले आणि त्यांची मूल्ये तापमानाबरोबर सरकत, म्हणून मोटरला चालू-बंद वीज देणाऱ्या पल्सची रुंदी, म्हणजे वीज चालू राहण्याचा वेळ, मोजूनच ठरवायची, असे मी मनावर घेतले.

तत्त्व सरळ आहे. आठ बिटांचा (० किंवा १ अशा आठ अंकांचा) काउंटर ० ते २५५ मोजत राहतो आणि ही मोजणी डिप स्विचवर (छोट्या स्विचांच्या रांगेवर) लावलेल्या संख्येपेक्षा लहान असेपर्यंत कंपॅरेटर, म्हणजे दोन संख्यांची तुलना करणारे सर्किट, आउटपुट चालू ठेवतो. संख्या १०० असेल, तर २५६ पैकी १०० क्लॉक (मोजणीचे ठोके), म्हणजे सुमारे ३९ टक्के वेळ मोटरला वीज मिळते. ४ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर (क्लॉकचे ठोके देणाऱ्या घटकावर) ० ते २५५ ची अशी आवर्तने सेकंदाला १५,६२५ होतात.

मी सुरुवातीला हाताशी असलेला ७४एचसी३९३ हा काउंटर आयसी वापरला. ऑसिलोस्कोपवर (विजेचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) मुख्य पल्स नेटकी होती, पण आवर्तनाच्या बरोबर मध्यावर केसाइतकी बारीक रेघ उभी दिसत होती. ७४एचसी३९३ हा रिपल काउंटर आहे. त्यात एक बिट बदलला की तो पुढच्याला ढकलतो. त्यामुळे १२७ वरून १२८ कडे जाताना तो १२६, १२४, १२०, ११२, ९६, ६४ आणि ० असा उतरत जातो. यातले ९६, ६४ आणि ० हे १०० पेक्षा लहान असल्याने कंपॅरेटर तेवढे नॅनोसेकंद इमानाने आउटपुट चालू करतो. दोष त्याचा नव्हे, त्याला दिलेल्या मोजणीचा आहे.

म्हणून सर्व बिट एकाच क्लॉकवर बदलणारे दोन ७४एचसी१६३ काउंटर जोडले आणि कंपॅरेटरच्या आउटपुटवर, त्याच क्लॉकवर चालणारा ७४एचसी७४ मधला एक डी फ्लिप-फ्लॉप बसवला; तो फक्त क्लॉकच्या ठोक्याला इनपुट पाहून पुढे देतो. त्यामुळे कंपॅरेटरला स्थिरावायला दोन ठोक्यांमधले २५० नॅनोसेकंद मिळतात. पल्स एक क्लॉक उशिरा निघते, पण तिची रुंदी तीच राहते. ती रेघ पुन्हा दिसली नाही.

तोच आजार पुढे बोटांच्या गतीने परत आला. मिस्त्रींनी १२७ चे १२८ करताना आठही स्विच एकेक करून हलवले आणि मधल्या प्रत्येक संख्येला मोटर आपला वेग बदलत गेली. आता स्विचनंतर ७४एचसी२७३ हे रजिस्टर, म्हणजे संख्या धरून ठेवणारा आयसी, आहे. आकडा पूर्ण लावून झाला की मिस्त्री हिरवे बटण दाबतात आणि तेव्हाच तो कंपॅरेटरपर्यंत पोहोचतो.